बारा हजारांच्या पटाश्या घ्याव्यात का?

गेल्या महिन्यात माझा मामेभाऊ मोबाइल घेऊन घरी आला. वय १९. वडाळा रोडवर मामूंच्याच हाताखाली सुतारकाम शिकतो. स्क्रीनवर बाजारात नवाच आलेला सहा पटाश्यांचा संच होता. चकचकीत पाती, लाकडी मुठी, कातडी पाऊच. किंमत १२,९०० रुपये, सहा हप्त्यांत. "भाईजान, तुम्ही इंजिनिअर आहात. घेऊ का?"

मी सॉफ्टवेअरवाला. स्टीलशी माझा संबंध कॉलेजातल्या मटेरियल सायन्सच्या एका पेपरपुरता. तरी "कशाला एवढी उधळपट्टी?" हे वाक्य तोंडावर आलं होतं, ते गिळलं. कारण दोन महिन्यांपूर्वी मी नऊ हजारांचा कीबोर्ड घेतला होता, कोणालाही न विचारता. मी घेतला की ती गुंतवणूक आणि सुताराच्या पोराने घेतलं की उधळपट्टी, हा दुटप्पीपणा आपल्या शिकलेल्या मंडळींत फार आहे. म्हणून ठरवलं, हो किंवा नाही म्हणण्याआधी हिशेब करू.

आधी स्टील. नव्या पटाशीच्या खोक्यावर 'ए२' आणि 'रॉकवेल ६०-६२' असं छापलंय. ए२ या पोलादात साधारण १ टक्का कार्बन आणि ५ टक्के क्रोमियम असतं. ते झिजायला चिवट असतं, त्यामुळे धार जास्त टिकते. पण त्याच गुणामुळे ती लावायलाही जास्त वेळ लागतो. मामूंची पटाशी भद्रकालीतल्या एका लोहाराने ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेली. त्यात कार्बन कमी. धार लवकर जाते, पण दगडावर चार हात मारले की परत येते.

मामूंच्या ओळखीच्या एका फर्निचरवाल्याने हा संच घेतला होता. एका रविवारी त्याच्याकडून पाऊण इंची पटाशी मागून आणली आणि दोन्ही पटाश्या कामाला लावल्या. काम रोजचंच, मरीन प्लायमध्ये बिजागरीच्या खाचा. आज नाशिकमधल्या सुताराचा बराच दिवस प्लाय आणि लॅमिनेटमध्ये जातो, आणि प्लायच्या थरांमधला वाळलेला गोंद धारेचा शत्रू आहे. सागवानही सोपं नाही. त्यात नैसर्गिक सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. ती पातं खाते.

मामूंच्या पटाशीला सहा खाचांनंतर धार लावावी लागली, नवीला अकरा खाचांनंतर. पोरगा खूश. पण साध्या कार्बोरंडमच्या दगडावर जुनीला ३ मिनिटं लागली, नवीला ८. दिवसाला वीस खाचा धरल्या तर जुनीला तीनदा धार, म्हणजे ९ मिनिटं. नवीला एकदा, म्हणजे ८ मिनिटं. बचत एका मिनिटाची.

मग मी ऑनलाइन मागवलेली १,२०० रुपयांची डायमंड प्लेट काढली. तिच्यावर जुनी २ मिनिटांत तयार, नवी ३ मिनिटांत. आता जुनीचे दिवसाला ६, नवीचे ३. मामूंची मजुरी दिवसाला हजार रुपये, म्हणजे मिनिटाला साधारण दोन. नुसत्या प्लेटने जुन्या पटाशीवरच रोजचे ६ रुपये वाचतात. २०० दिवसांत प्लेटचे पैसे वसूल, आणि तीच प्लेट रंध्याच्या पात्यालाही चालते. त्यावर नवी पटाशी आणखी ६ रुपये वाचवते. सुटी घेतली तर ती २,४०० ला पडते आणि लोहाराकडची ३०० ला. फरक २,१०० रुपयांचा, म्हणजे वसुलीला कामाचे ३५० दिवस. तोवर ती हरवली नाही, खिळ्यावर आपटली नाही आणि साइटवर कोणी तिने रंगाचा डबा उघडला नाही, तर.

म्हणून माझं मत सरळ आहे. धंद्याच्या सुताराने सहाचा संच घेऊ नये. त्यातल्या चार पटाश्या पाऊचमध्येच राहतील. आधी धार लावायचं चांगलं साधन घ्यावं. मग जी पटाशी रोज हातात असते, ती एकच चांगली घ्यावी. कोरीव काम करणारा, सागवानात बारीक सांधे बसवणारा असेल, तर त्याचा हिशेब वेगळा येईल. त्याला सफाईचे पैसे मिळतात.

मामूंनी हे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बेटा, तुझा हिशेब बरोबर आहे. पण एक रकम राहिली. या पोराला पहिल्यांदा आपल्या कामाची हौस वाटली. ती कितीची धरलीस?"

मी गप्प झालो. आपल्या मोहल्ल्यांत सुतार, लोहार, वेल्डर, गॅरेजवाले घरोघर आहेत. पण "पोरगं काय करतं?" विचारलं की बाप आवाज खाली करून सांगतो. हीच पोरं उद्या तीस हजारांचा फोन घेतील तेव्हा कोणी हिशेब मागणार नाही. अवजार घेताना मात्र घरात पंचायत बसते. ज्या शहरात सातपूरच्या एमआयडीसीत टपारियासारखा हातअवजारांचा कारखाना आहे आणि त्याच्या पकडी देशभरच्या मेकॅनिकच्या पिशवीत आहेत, त्या शहरात तरी अवजाराची हौस लाजेची वाटू नये. ती हौस मारायची नाही, तिला योग्य दुकान दाखवायचं. माझा विरोध हप्त्यांना आहे, हौसेला नाही.

शिवाय पैसे दुसरीकडूनही येऊ शकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरी आहेत. त्यात सुतार आहे, लोहार आहे, अवजारं बनवणाराही आहे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. ५ टक्के व्याजाचं कर्जही आहे, पण ते ऐच्छिक आहे. व्याज नको असलेल्या घरांनाही प्रशिक्षण आणि अवजारांची मदत घेता येते. वय किमान १८ आणि एका कुटुंबातून एकच लाभार्थी, त्यामुळे अर्ज कोणाच्या नावाने करायचा ते घरात बसून ठरवा. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते आणि ती मोफत आहे. "फॉर्म भरून देतो, हजार द्या" म्हणणारा भेटला तर उठून या.

आणि माझ्यासारख्या लॅपटॉपवाल्यांनी एक काम करावं. घरातल्या कारागिराला सल्ला देण्याआधी त्याच्या शेजारी बसून एक खाच मारून बघावी. माझी पहिली खाच इतकी वाकडी आली की बिजागरी डुलत होती.

संच आला नाही. प्लेट मी मामेभावाला देऊन टाकली. पाऊण इंची नवी पटाशी त्याने स्वतःच्या मजुरीतून घेतली, रोख. मुठीवर स्वतःचं नाव कोरलंय. मामूंना ती अजून हात लावू देत नाही.