‘अधिकारी’ या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘अधिकारी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. ज्याच्या हाती सत्ता आहे तो अधिकारी; आणि ज्याला एखाद्या विषयाचे सखोल ज्ञान आहे तोही त्या विषयातील अधिकारी. पहिला अर्थ नेमणुकीच्या पत्राने एका दिवसात प्राप्त होतो. दुसऱ्यासाठी वर्षे वेचावी लागतात. शाखेचे खरे नेतृत्व या दोहोंच्या संगमातूनच घडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वी बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर दिले जाई. खातेवहीतून ती शिल्लक शोधताना कर्मचाऱ्याला नियमामागील तर्कही उमगत असे. १ एप्रिल २०१० पासून हे व्याज दैनंदिन शिलकेवर मोजले जाते आणि संगणक ते बिनचूक काढतो. यात ग्राहकाचे हितच झाले. परंतु आकडेमोडीबरोबर तिच्यामागील समजही आपण संगणकाच्या स्वाधीन केली काय?

गृहकर्जाचे उदाहरण घ्या. ३० लाखांचे कर्ज, मुदत २० वर्षे, व्याजदर ७ टक्के. हप्ता सुमारे २३,२५९ रुपये. प्रारंभीच दर ९ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर परतफेडीस सुमारे ३८ वर्षे लागतील! कारण पहिल्या महिन्याचे व्याजच २२,५०० रुपये होते. मुद्दलात जेमतेम साडेसातशे रुपये जमा होतात. दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितले. पण तो पर्याय समजावून देणाराच ‘सिस्टीममध्ये तसे दिसते’ म्हणून थांबला, तर कर्जदाराने निवड कशाच्या आधारे करावी?

चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तत्पूर्वी त्यांनी त्याच बँकेत सचिव व डेप्युटी गव्हर्नर म्हणून काम केले होते. आधी कामाची जाण, मग पद, हा क्रम आजही अनुकरणीय आहे.

जेएआयआयबी, सीएआयआयबी यांसारख्या परीक्षा आवश्यकच आहेत. मात्र प्रमाणपत्र हाती पडले म्हणजे अभ्यास संपला, असे मानू नये. प्रत्येक शाखेत आठवड्यातून अर्धा तास एका कर्मचाऱ्याने एखादे परिपत्रक इतरांना उलगडून सांगावे. प्रारंभ शाखाधिकाऱ्यानेच करावा, आणि कनिष्ठ सहकाऱ्याला अधिक ठाऊक असेल तेव्हा त्याच्यापुढे श्रोता म्हणून बसावे. ज्ञान वाटण्यात आणि ते स्वीकारण्यात कमीपणा न मानणाऱ्याच्या मागे सहकारी आपणहून चालू लागतात.

ग्राहकबंधू-भगिनींनाही एक विनंती. खिडकीशी ‘किती?’ एवढेच विचारून परतू नका, ‘का?’ हेही अवश्य विचारा. तुमचा तो प्रश्नच आम्हाला दुसऱ्या अर्थाने अधिकारी करील.