गर्भवतीचा ताण हा तिचा दोष नव्हे

सकाळच्या गर्दीत घाटकोपरच्या पुलावर कठड्याला धरून थांबलेल्या सातव्या महिन्यातल्या बाईला ‘मन प्रसन्न ठेव’ हा सल्ला काय कामाचा? आईच्या ताणाचा बाळाशी संबंध असू शकतो, हे खरेच. ताणात कॉर्टिसॉल वाढते. वारेतले एक विकर त्यातले बरेचसे निष्प्रभ करते. ताण लांबला तर हा पहारा सैल पडू शकतो, असे संशोधन सुचवते. कॅनडातल्या क्विबेकमध्ये जानेवारी १९९८च्या हिमवादळाने लाखो घरे अंधारात गेली. त्या काळातल्या गर्भवतींपैकी ज्यांना ताण अधिक जाणवला, त्यांची बाळे सहाव्या महिन्यात अधिक किरकिरी असल्याचे दिसले. किरकिर आनुवंशिक असेल, हा आक्षेप रास्त. पण वादळ जनुके पाहून येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाळाच्या स्वभावाची माहिती आईनेच दिलेली, आणि थकलेल्या आईला बाळ जास्त रडके वाटू शकते. म्हणून हा कल मानावा, भाकीत नव्हे.

पण यावरून आईलाच बोल लावणे अन्यायाचे आहे. गर्दी, कर्ज, घरातली मारहाण तिने निवडलेली नसते. २०१७पासूनची २६ आठवड्यांची भरपगारी रजा मुलुंड-बोरिवलीतल्या घरकामगार बाईपर्यंत पोहोचत नाही. दरमहा ९ तारखेला सरकारी मातृत्व अभियानात गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिथे रक्तदाबाबरोबर झोप, चिंता, घरचा जाच यांचीही एकांतात विचारपूस व्हावी आणि गरज दिसताच त्याच इमारतीत समुपदेशक भेटावा.