पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस

मागील पावसाळ्यापूर्वीची गोष्ट. दुपारी अडीचच्या सुमारास दवाखान्याच्या दारात एक मोटारसायकल थांबली. पुढे चालवणारा, मागे धरून बसलेला आणि दोघांच्या मध्ये एक तिशीचा बिगारी, मान खांद्यावर टाकलेला. स्लॅबच्या कडेला घमेले देताना तोल जाऊन पडला होता. उंची म्हणाल तर अकरा-बारा फूट. शुद्धीवर होता, बोलत होता. कुठे खरचटलेही नव्हते फारसे. मी तळपायाला टाचणी टोचली. त्याला कळले नाही.

पाठीचा कणा मोडलेल्या माणसाला दोघांच्या मध्ये बसवून खड्ड्यांतून दोन किलोमीटर आणले होते. मज्जारज्जूला इजा पडल्यामुळे झाली की त्या प्रवासामुळे, हे मी आजही सांगू शकत नाही.

काँट्रॅक्टर मागोमाग आला. वीस वर्षे त्याच्या घरातील सगळे माझेच पेशंट. माणूस वाईट नाही. घाम पुसत म्हणाला, "डॉक्टर, पहिलाच मजला होता हो."

वाचकहो, या एका वाक्यासाठी आजचा लेख लिहीत आहे. आपल्याकडे समजूत अशी की सुरक्षा ही मुंबई-पुण्याच्या वीस मजली इमारतींची बाब. आपल्या गावातले दुमजली बंगले, शाळेच्या खोल्या, दुकानांचे गाळे यांना तिची काय गरज? परंतु माझ्या पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये बांधकामावरून आलेले गंभीर रुग्ण बहुतेक सगळे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचेच. कण्याला मजले मोजता येत नाहीत. बारा फुटांवरून माणूस पायांवर किंवा ढुंगणावर आपटला की छाती आणि कंबर यांच्या सांध्यावरचा मणका चेपतो. पुढे लघवीची नळी, बेडसोअर, पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग. दर दोन तासांनी कूस बदलायला घरात माणूस लागतो. या बिगाऱ्याच्या बायकोने त्यासाठी स्वतःची मजुरी सोडली.

आता काँट्रॅक्टरच्या बाजूने पाहू. सुरक्षा म्हटले की त्याला खर्च दिसतो. आमच्या या गृहस्थांनी मिक्सर विकला, हातातली दोन कामे सोडली आणि प्रकरण अजून मिटलेले नाही. कामावर मजूर जखमी झाला, तर चूक कोणाची हे न पाहता मालकाने भरपाई द्यायची, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. २०२० साली केंद्राने हिशेबासाठी महिना १५,००० रुपये मजुरीची मर्यादा ठरवली होती. त्या हिशेबाने तीस वर्षांचा मजूर कायमचा पूर्ण अपंग झाला, तर रक्कम १८ लाख ७१ हजारांच्या वर जाते. औषधोपचाराचा खर्च वेगळाच. "मजूर मुकादमाचा होता, माझा नव्हे" असे म्हणून मुख्य ठेकेदार सुटत नाही. "प्यायला होता" ही सबबही मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असता चालत नाही.

यासाठी विम्याची पॉलिसी मिळते. काही जण घेतातही, पण हप्ता वाचवायला वीस मजुरांच्या जागी आठ दाखवतात. याला काय म्हणावे? मजुराला मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा असतो. तोही द्यायला हात आखडतो, कारण कागदावर नाव आले की जबाबदारी आली. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर भरला जातो तो याच मजुरांसाठी. मग त्यांना सहीदेखील न देणे, हे मला तरी पटत नाही.

हेल्मेट जरूर द्यावे, वरून पडणाऱ्या विटेपासून डोके वाचते. मात्र त्याने कणा वाचत नाही. कणा वाचतो तो स्लॅबच्या कडेला कमरेइतक्या उंचीचा आडवा बांबू बांधल्याने, परांचीवर एका फळीऐवजी तीन फळ्या टाकल्याने, लिफ्टचा किंवा डकचा खड्डा फळ्या ठोकून बंद केल्याने. नुसती फळी ठेवू नका, खिळे मारा. कोणीतरी ती उचलून दुसरीकडे नेतोच. पायाचा किंवा ड्रेनेजचा चर पाच फुटांहून खोल असेल, तर बाजूंना आधार द्या आणि काढलेली माती काठावर रचू नका. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. तिच्याखाली छाती हलत नाही, आणि तोंड उघडे असूनही माणूस गुदमरतो.

आणि तरीही कोणी पडलाच, तर कृपा करून मोटारसायकल काढू नका. त्याला बसवू नका, पाणी पाजू नका. पाय हलतात का, एवढे विचारा. १०८ ला फोन करा. हलवणे भागच असेल, तर चार-पाच जणांनी डोके, मान, पाठ एका रेषेत धरून त्याला सेंट्रिंगच्या प्लायवर घ्यावे. साइटवर प्लाय नाही असे होत नाही.

परवा त्याच काँट्रॅक्टरच्या नव्या कामावरून जात होतो. जिन्याच्या कडेला बांबू बांधलेले दिसले. वर स्लॅबला मात्र नव्हते. थांबून विचारले, तर म्हणाला, "उद्या बांधतो, डॉक्टर." मी गाडी बाजूला लावली आणि बांबू वर चढेपर्यंत तिथेच उभा राहिलो. ओपीडीला पाऊण तास उशीर झाला, त्याबद्दल त्या दिवशी ताटकळलेल्या रुग्णांची माफी मागतो.

(पुढील आठवड्यात : ओल्या सिमेंटने पायांना होणाऱ्या जखमा)