आई जिवंत, तरी मूल अनाथ?

बारामती-इंदापूर भागात विधवा आणि परित्यक्ता बायकांसोबत काम करताना एक अनुभव पुन्हा पुन्हा येतो. नवरा वारलेला असतो, नाहीतर टाकून गेलेला. बाई उसात खुरपून पोरं वाढवते. पण मुलाच्या दाखल्यासाठी कचेरीत गेली की खिडकीतून प्रश्न येतो, "घरात पुरुषमाणूस कोण? दिराला घेऊन या." आई समोर उभी असते, तरी मुलाला कोणी नाही असेच धरले जाते.

ही रीत जुनी आहे. गोव्याच्या इतिहासात तिचे फार क्रूर रूप दिसते. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने फर्मान निघाले, की हिंदूंची अनाथ मुले जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात देऊन त्यांना ख्रिस्ती करावे. पुढे 'अनाथ' या शब्दाचा अर्थच ताणला गेला. बाप मेला की मूल अनाथ, मग आई आणि आजी-आजोबा जिवंत असले तरी!

१५८० साली स्पेनचा राजा दुसरा फिलिप पोर्तुगालचाही राजा झाला. १६४० पर्यंत गोवा या स्पॅनिश घराण्याच्या सत्तेखाली होता. त्याच काळात, १५ जुलै १५८३ रोजी, देवळे पाडणाऱ्या सत्तेविरुद्ध साष्टीतल्या कुंकळ्ळीचे गावकरी उठले. त्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. नंतर सत्ताधाऱ्यांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि दगा देऊन मारले. गावाने आपली शांतादुर्गा फातर्प्याला हलवली. आजही ती दरवर्षी छत्र्यांच्या मिरवणुकीने कुंकळ्ळीला येते.

या पुढाऱ्यांची आठवण ठेवलीच पाहिजे. पण त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांचे काय? त्यांच्याबद्दल इतिहास गप्प आहे. सत्ता म्हणाली, मूल बापाचे, तो नसेल तर आमचे. समाज म्हणाला, मूल कुळाचे. ते आईचे आहे, असे दोघांपैकी कोणीच म्हणाले नाही.

हा इतिहास सांगून आज शेजाऱ्यांविरुद्ध भडकवणारेही भेटतात. त्यांना विचारूया, की आईपासून तोडलेल्या त्या मुलांच्या वंशजांवर राग काढून कोणत्या आईला न्याय मिळणार आहे? आणि तुमच्या घरात मुलावर आईचा हक्क किती?

आपला कायदाही फार पुढे गेलेला नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पालक आधी बाप, 'त्याच्यानंतर' आई. १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की 'त्याच्यानंतर' म्हणजे फक्त त्याच्या मृत्यूनंतर नव्हे. बाप मुलाकडे पाहतच नसेल तर तो हयात असतानाही आई पालक ठरते. विधवेचा हक्क तर मूळ कायद्यातच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव लावणे महाराष्ट्र सरकारने बंधनकारक केले. चांगले झाले. पण नाव लागले तरी सही चालेलच असे नाही.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी एखादीला दीर आणायला सांगितले, तर तिच्यासोबत आपण चौघीजणी जाऊ. १९९९ चा निकाल हातात ठेवू. नकार दिला तर तो लेखी मागू. आई जिवंत असताना मूल अनाथ नसते, एवढेच तिथे ठणकावून सांगायचे आहे.