नॉकआऊटचा मोह आणि मेंदूचे गणित

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बॉक्सिंग, किकबॉक्सिंग किंवा एमएमए शिकवणारे वर्ग आता नवलाईचे राहिलेले नाहीत. संध्याकाळच्या बॅचला शाळकरी मुलांपासून लोकलच्या गर्दीतून थेट आलेल्या नोकरदारांपर्यंत सगळे असतात. मोबाइलवर मात्र त्यांना एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसते : एक ठोसा आणि समोरचा आडवा. त्यामुळे प्रश्न उभा राहतो, हौशी खेळाडूने नॉकआऊटसाठी खेळावे की गुणांसाठी?

कुस्तीवर पोसलेल्या आपल्या मनाला निकाल चितपट लागतो. गुणांवर सुटलेल्या कुस्तीला टाळ्या कमीच पडतात. पण इथे फरक आहे. चितपट म्हणजे पाठ टेकणे. हरलेला मल्ल उठून माती झटकतो. डोक्यावरच्या ठोशाने होणारा नॉकआऊट ही मेंदूला झालेली इजाच असते.

मेंदू साधारण १.३ ते १.४ किलो वजनाचा, मऊ आणि कवटीतल्या द्रवात तरंगणारा. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोके झटकन वळते, मेंदू किंचित मागे राहतो आणि चेतातंतू ताणले जातात. पेशींमधील क्षारांचा तोल बिघडतो आणि शुद्ध हरपते. हेडगार्डने भुवईवरची चीर टळते, पण ही गिरकी फारशी थांबत नाही. वारंवार मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या तोल जाणे, बोलणे अडखळणे यांसारख्या लक्षणांचे वर्णन डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच केले होते.

हौशी बॉक्सिंगचे नियमही नॉकआऊटची सक्ती करत नाहीत. वरिष्ठ गटात तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात. फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, दुसऱ्याला ९ किंवा कमी. पंच पाहतात ते स्वच्छ बसलेले ठोसे, तंत्र आणि डावपेच. पोटावर, बरगड्यांवर बसलेला नेमका ठोसाही मोजला जातो. एकाच जोरदार ठोशाच्या नादात हात खाली सोडणारा खेळाडू स्वतःचीच हनुवटी उघडी टाकतो.

तरीही ‘गुणांसाठी खेळा म्हणजे सुरक्षित’ असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. शुद्ध न हरपता बसलेले शेकडो ठोसेही साठत जातात, आणि त्यातले बरेच स्पर्धेत नव्हे, तर सरावात बसतात. म्हणून उद्दिष्ट असे हवे : ठोसा मारून निसटणे, कमी मार खाणे आणि सरावात डोक्यावरचा मारा मोजून-मापून ठेवणे.

धोका कल्पनेतला नाही. जुलै २०२२ मध्ये बेंगळुरूतील किकबॉक्सिंग स्पर्धेत ठोसा बसून कोसळलेला म्हैसूरचा तरुण काही दिवसांत दगावला. आयोजनस्थळी पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती, असा आरोप कुटुंबीयांनी केला. कवटीत रक्तस्राव झाला तर मिनिटे मोलाची असतात. कल्याण-शीळ रस्ता संध्याकाळी कसा तुंबतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. रुग्णवाहिका फोन केल्यावर बोलावण्याऐवजी रिंगणाबाहेर आधीच उभी असली पाहिजे, आणि सीटी स्कॅन व मेंदूची शस्त्रक्रिया होणारे सर्वांत जवळचे रुग्णालय आयोजकांना आधीच ठाऊक असले पाहिजे.

मार लागल्यावर गोंधळ, चक्कर, डोकेदुखी जाणवली तर खेळ तिथेच थांबवावा. ‘जरा बसून पुन्हा उतर’ हा सल्ला घातक आहे. पहिली इजा भरून येण्याआधी दुसरा मार बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे दुर्मीळ आहे, पण घडते ते मुख्यतः कोवळ्या वयात. पहिले एक-दोन दिवस हलकी विश्रांती, मग टप्प्याटप्प्याने व्यायाम आणि डॉक्टरांच्या परवानगीनंतरच पुन्हा रिंगण. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके किंवा हातापायात अशक्तपणा असेल तर तडक रुग्णालय गाठावे.

पालकांनी वर्ग निवडताना फी आणि भिंतीवरच्या पदकांबरोबर तीन प्रश्न विचारावेत. डोक्यावर ठोसे मारण्याचा सराव आठवड्यातून किती वेळा होतो? मार लागलेल्या मुलाला कोण थांबवतो? आणि स्पर्धेला डॉक्टर असतो का? हौशी खेळाडूला सोमवारी सकाळी पुन्हा वर्गात किंवा कचेरीत बसायचे असते. त्याच्यासाठी गुणांवरचा विजय कमी प्रतीचा नाही. तोच खरा विजय आहे.