टॅबलेट हरला, त्याच्या सवयी मात्र जिंकल्या

टॅबलेट संपला, असं दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी जाहीर करतं. त्यात थोडं तथ्यही आहे. २०१४ च्या आसपास जगभरातली टॅबलेटची विक्री शिखरावर पोचली, मग घसरत गेली, आणि २०२० मध्ये शाळा आणि ऑफिसं घरात शिरली तेव्हा पुन्हा थोडी चढली. फोनचे स्क्रीन मोठे झाले, लॅपटॉप हलके झाले आणि मधली जागा आक्रसली. आज बऱ्याच घरांत एक टॅब असतो. तो एकतर पोराच्या हातात असतो, नाहीतर सोफ्याच्या फटीत, चार्जिंग संपलेल्या अवस्थेत :-)

तरीही माझं मत असं की 'कॉम्प्युटर कसा असावा' याबद्दलच्या आपल्या अपेक्षा जेवढ्या टॅबलेटने बदलल्या, तेवढ्या फोननेही बदलल्या नाहीत. कारण साधं आहे. फोन हा शेवटी फोन होता. त्याला वेगळे नियम लावायला आपली हरकत नव्हती. पण ९.७ इंची काचेवर तुम्ही मेल वाचता, वेबसाइट बघता, सिनेमा बघता, म्हणजे जे लॅपटॉपवर करता तेच करता, तेव्हा डोक्यात आपोआप प्रश्न येतो: मग हे माझ्या लॅपटॉपवर असं का नाही? सगळी गंमत या एका प्रश्नात आहे.

आता थोडा इतिहास. (कंटाळा आला तर दोन परिच्छेद सोडून पुढे जा.)

टॅबलेटची कल्पना ॲपलची नव्हे. ॲलन के या संशोधकाने १९७२ मध्ये 'डायनाबुक' नावाच्या, वहीसारख्या हातात धरायच्या कॉम्प्युटरवर एक निबंध लिहिला होता, तोही मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. १९९३ साली ॲपलचाच न्यूटन आला आणि १९९८ मध्ये गुंडाळला गेला. नोव्हेंबर २००१ मध्ये बिल गेट्सनी लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात टॅबलेट पीसी दाखवला आणि पाच वर्षांत अमेरिकेत हाच सर्वाधिक खपणारा पीसी असेल असं भाकीत केलं. तसं काही झालं नाही.

का झालं नाही? मंडळी, तो टॅबलेट म्हणजे कीबोर्ड काढून घेतलेला विंडोज एक्सपी होता. तीच छोटी छोटी बटणं, तेच मेनू, तोच उजवा क्लिक. माउसच्या टोकासाठी बनवलेल्या गोष्टींवर बोट चालेना, म्हणून पेन. बूट व्हायला तेवढाच वेळ, बॅटरी तेवढीच थोडी, किंमत मात्र साध्या लॅपटॉपपेक्षा जास्त. म्हणजे कॉम्प्युटरची सगळी दुखणी तशीच, वर टायपिंगची सोय गेली.

२७ जानेवारी २०१० ला स्टीव्ह जॉब्सने आयपॅड दाखवला तेव्हा 'हा तर मोठा आयफोन आहे' म्हणून बऱ्याच जणांनी टर उडवली. माझ्या मते ती टर शंभर टक्के बरोबर होती, आणि आयपॅड चालण्याचं कारणही तेच होतं. कॉम्प्युटर छोटा करण्याऐवजी त्यांनी फोन मोठा केला, त्यामुळे फोनच्या सवयी कॉम्प्युटरच्या आकारात आल्या. ३ एप्रिलला विक्री सुरू झाली आणि २८ दिवसांत दहा लाख नग खपले. भारतात तो जानेवारी २०११ च्या शेवटी आला, २७,९०० रुपयांपासून.

तर त्याने नक्की काय बदललं? माझी यादी अशी:

१. सुरू होणे. ज्यांच्या लहानपणी घरात एक्सपीवाला डबा होता त्यांना आठवेल. आधी स्टॅबिलायझर, मग यूपीएस, मग बटण, मग ती निळी सरकणारी पट्टी, आणि मग आई विचारायची, 'झाला का चालू?' टॅबलेट 'चालू' होत नाही, तो असतोच. एकदा याची सवय लागली की लॅपटॉपने एक मिनिट घेतलं तरी आपल्याला तो अपमान वाटतो. फ्लॅश स्टोरेज आणि झाकण उघडताच जागं होणारे लॅपटॉप बाजारात नेमके त्याच सुमारास, २०१०-११ पासून, रुळायला लागले.

२. बॅटरी. पहिल्या आयपॅडची बॅटरी दहा तास चालेल असं कंपनी सांगत होती, आणि ती साधारण तेवढी चालायचीही. त्याआधी लॅपटॉपचा दावा आणि प्रत्यक्ष अनुभव यांत सरकारी बजेटएवढी तफावत असायची. मीटिंगला जाताना चार्जर घेऊन जाणं हा कामाचाच भाग होता. आज कुणी 'चार्जर आहे का रे' म्हणालं तर आपण त्या मशीनला नावं ठेवतो.

३. 'सेव्ह'चा मृत्यू. टॅबलेटवर लिहिलेलं सेव्ह करावं लागत नाही. जुलै २०११ मध्ये मॅकच्या लायन आवृत्तीत ऑटोसेव्ह आलं, ॲप्सची आयपॅडसारखी मांडणी आली, इतकंच काय, स्क्रोल करायची दिशासुद्धा बोटाच्या हिशोबाने उलटी झाली. काकाच्या सवयी पुतण्याने घ्याव्यात तसं व्हायला हवं होतं, इथे काकाच पुतण्याच्या सवयी घेऊ लागला.

४. भीतीचा मृत्यू. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. 'हात लावू नकोस, बिघडेल' हे वाक्य आपल्याकडच्या पीसी-संस्कृतीचा पाया होतं. पीसीवर काहीतरी डिलीट होईल, व्हायरस येईल, सेटिंग बदलेल ही भीती खरीच होती, कारण तसं खरंच व्हायचं. टॅबलेटवर प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत बंद. एकाने घोटाळा केला तरी शेजारच्याला धक्का लागत नाही. काहीही झालं तरी एक बटण दाबून मुखपृष्ठावर परत. ॲपलच्या मार्गदर्शक नियमांत बोटाने दाबायची जागा किमान ४४ पॉइंट असावी असं सांगितलेलं आहे. पहिल्या आयपॅडवर ते साधारण साडेआठ मिलिमीटर होतं. म्हणजे जाड बोटाच्या, चष्मा विसरलेल्या माणसाचाही विचार आधीच झालेला. ज्या पिढीने माउस कधी धरला नाही ती पिढी थेट या काचेवर आली, आणि कुठल्याही क्लासला न जाता शिकली.

या बदललेल्या अपेक्षा किती निर्दय असतात याचं उत्तम उदाहरण आपल्याच देशातलं आहे. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅबलेट आणला. (योगायोग असा की स्टीव्ह जॉब्स त्याच तारखेला गेला.) सात इंची स्क्रीन, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि सरकारला पडलेली किंमत सव्वादोन हजारांच्या आसपास. शांतपणे विचार केला तर हा चमत्कार होता. दहा वर्षांपूर्वी या ताकदीचा पीसी घ्यायला घरात बैठक बसायची.

पण आकाशचा स्क्रीन रेझिस्टिव्ह होता. म्हणजे वरचा थर दाबून खालच्या थराला टेकवला की तो ओळखणार. आयपॅडचा कपॅसिटिव्ह, बोट नुसतं टेकलं तरी पुरे. ज्याने दुकानात एकदा जरी आयपॅडवरून बोट फिरवलं होतं, त्याला आकाश हातात घेतल्यावर 'हा बिघडलाय का?' असंच वाटणार. त्याची स्पर्धा गरिबीशी असायला हवी होती, ती झाली दीड वर्षापूर्वी जन्मलेल्या एका अपेक्षेशी. नोव्हेंबर २०१२ मध्ये कपॅसिटिव्ह स्क्रीन आणि १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर घेऊन आकाश-२ आला, पण तोवर पहिल्याचं नाव पार खराब झालेलं होतं. पुरवठ्याचे आणि कराराचे घोळ होतेच, पण केवळ ते नसते तर आकाश चालला असता असं मला वाटत नाही. लोकांना स्वस्त वस्तू हवी असते, 'स्वस्तातली' वस्तू नको असते.

उलट बाजूचं उदाहरण विंडोज ८. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ठरवलं की आता सगळ्यांनाच टॅबलेट हवाय, आणि डेस्कटॉपवरचं स्टार्ट बटणच काढून टाकलं. ऑफिसात एक्सेलमध्ये मान घालून बसलेल्या माणसाला रंगीत चौकोन नको होते. वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये अख्खा स्टार्ट मेनू. धडा असा की लोकांना टॅबलेटचा चेहरा नको होता, त्याचा स्वभाव हवा होता. पटकन जागं व्हावं, दिवसभर टिकावं, मध्येमध्ये लुडबुड करू नये, बस्स.

आणि तो स्वभाव लॅपटॉपमध्ये खरोखरच आला. २०२० च्या जूनमध्ये ॲपलने डेव्हलपर मंडळींना नव्या मॅकची तयारी करायला जी मशीन्स दिली, त्यांत चक्क आयपॅड प्रोमधली ए१२झेड चिप होती. नोव्हेंबरमध्ये एम१ आली. पंखा नसलेला, न तापणारा, दिवसभर चालणारा मॅकबुक एअर म्हणजे कीबोर्ड असलेला टॅबलेटच की! आयपॅड मात्र उलट्या दिशेने निघाला. २०१७ मध्ये त्याला फाइल्सचं ॲप मिळालं, २०२० मध्ये ट्रॅकपॅड आणि माउसची पूर्ण साथ, २०२५ मध्ये खिडक्या आणि मेनूबार. (साधा कॅल्क्युलेटर मिळायला २०२४ उजाडलं, तो वेगळाच विनोद.)

इथवर सगळं कौतुक झालं. आता ज्यासाठी लिहायला बसलो तो मुद्दा.

अपेक्षा वाढतात तेव्हा काही अपेक्षा गुपचूप कमीही होतात, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. पीसीकडून आपण सोयीची अपेक्षा करत नव्हतो, पण काही गोष्टी गृहीत धरत होतो. रॅम कमी पडली तर लॅमिंग्टन रोडला जाऊन अजून एक पट्टी आणू. डिस्क गेली तर दुसरी टाकू. कुठलंही सॉफ्टवेअर कुणालाही न विचारता चढवू. माझी फाइल कुठे आहे ते मला माहीत असेल. टॅबलेटने यातलं एकेक मोडीत काढलं आणि आपण हूं की चूं केलं नाही, कारण बदल्यात मिळालेली सोय खरोखरच छान होती.

मग टॅबलेटच्या सवयी लॅपटॉपमध्ये आल्या तेव्हा हेही सोबत आलं. जून २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डावर पक्की केलेली आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली होती. आयफिक्सिटने दुरुस्तीयोग्यतेसाठी त्याला दहापैकी एक गुण दिला होता. तेव्हा ती बातमी झाली होती. आज तशा लॅपटॉपची बातमी होत नाही, तो फक्त 'लॅपटॉप' असतो.

सॉफ्टवेअरचंही तेच. पहिल्या आयपॅडला सप्टेंबर २०१२ चं आयओएस ६ मिळालंच नाही. भारतात तो आल्यावर जेमतेम वीस महिन्यांत. वस्तू ठणठणीत, काच शाबूत, बॅटरी चालू, पण नवीन ॲप्स हळूहळू नकार देऊ लागली. आपल्याकडे मिक्सर वीस वर्षं चालवतात हो, आणि तोही दोनदा वाइंडिंग करून!

आमच्या मावशीच्या टॅबची बॅटरी फुगली. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, 'मॅडम, नवीनच घ्या, परवडेल.' मावशीला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मला खुपलं ते हेच. जी बाई भांड्याला कल्हई लावून घ्यायची, छत्रीची काडी बदलून आणायची, तिनेही पंचवीस हजारांची वस्तू अशी टाकायची असते हे मान्य केलं होतं.

ऑफिसातही नवीन आलेल्या हुशार पोरांना 'लॉग फाइल कुठे आहे?' विचारलं की ती आधी सर्चमध्ये टाइप करतात. सर्चला सापडली नाही तर फाइल नाहीच! त्यांचा दोष नाही. फोल्डरमध्ये फोल्डर ही कल्पना त्यांच्या पहिल्या कॉम्प्युटरने त्यांना दाखवलीच नाही. चार दिवसांत शिकतात. पण उघडून बघण्याची खाज ज्या वयात लागायची, त्या वयात हातात न उघडणारी काच होती, याचं मला वाईट वाटतं. डायनाबुकच्या स्वप्नात पोरांनी त्यावर स्वतःचे प्रोग्राम लिहिणं अपेक्षित होतं. आपण त्यांना व्हिडिओ दिले.

'मग काय, परत एक्सपीच्या डब्याकडे जायचं का?' अजिबात नाही. मलाही ती निळी पट्टी परत बघायची नाही. माझं म्हणणं इतकंच की सोय आणि मालकी यांतलं एकच निवडावं लागतं हे आपण फार लवकर मान्य केलं. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटसाठी नियम लागू आहेत: ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीची ८० टक्के क्षमता शिल्लक हवी, विक्री थांबल्यावर किमान सात वर्षं सुटे भाग मिळायला हवेत, आणि किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट. हे नियम आले म्हणून वस्तू जाड झाल्या नाहीत की महिनाभर बूट होत बसल्या नाहीत. म्हणजे जमतं. फक्त कुणीतरी मागावं लागतं.

दहा तासांची बॅटरी आपण मागितली आणि मिळाली. क्षणात जागं होणारं मशीन मागितलं, तेही मिळालं. कंपन्या आपल्या अपेक्षांना घाबरतात, हे टॅबलेटने सिद्धच करून दाखवलंय. तेव्हा पुढचा टॅब किंवा लॅपटॉप घेताना दुकानदाराला मेगापिक्सेलच्या आधी दोन प्रश्न विचारा: बॅटरी बदलून मिळते का, कितीला? आणि अपडेट कोणत्या सालापर्यंत? पहिल्या दहा जणांना तो वेड्यात काढेल. अकराव्यापासून उत्तर पाठ करून ठेवेल.