स्वखर्चाने छापलेली कादंबरी हलकी कशी?

मराठी ग्रंथव्यवहारात ‘स्वखर्चाने छापलेले’ हे शब्द शिवीसारखे वापरले जातात. ते एकदा उच्चारले की पुस्तक उघडून पाहण्याचे कष्ट वाचतात. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहणाऱ्या लेखकावर हे शब्द फेकले जातात तेव्हा तो एका पुस्तकाचा अपमान राहत नाही. त्या लेखकाचे मराठीपणच त्यात नाकारले जाते. म्हणून आज याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते.

निमित्त देवासच्या एका तरुणाचे आहे. घराणे पवारांच्या काळापासून माळव्यात स्थायिक, शिक्षण हिंदीतून, नोकरी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आणि घरची भाषा मराठी. तीन वर्षे रात्री जागून त्याने आपल्या पेशावर पहिली कादंबरी लिहिली. परदेशी ग्राहकाच्या घड्याळाने ठरणारी झोप, मध्यरात्रीचे रिलीज, प्रकल्प संपल्यावर ‘बेंच’वर बसलेल्या माणसाच्या पोटातला गोळा, हे सारे त्यात आहे. एका प्रकाशकाने आठ महिन्यांनी कळवले की भाषा प्रमाण नाही आणि विषय आपल्या वाचकाचा नाही. तरीही लेखकाने तीनशे प्रती आगाऊ विकत घेतल्यास विचार करता येईल. म्हणजे खर्च लेखकाचा, शिक्का मात्र त्यांचा! त्या तरुणाने आम्हांला विचारले, “काका, मीच छापून राहिलो आहे, लोक हसतील का?”

हसणाऱ्यांनी प्रथम आपलाच इतिहास वाचावा. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यातूनच क्रमशः वाचकांपर्यंत नेली. १९६० च्या दशकात लघुअनियतकालिके काढणाऱ्या तरुणांनी सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर आपले अंक स्वतः काढले. त्याच मंडळींपैकी अशोक शहाणे यांच्या छोट्या ‘प्रास प्रकाशना’ने अरुण कोलटकरांची कविता ग्रंथरूपात आणली. यांपैकी कोणी मोठ्या दाराशी ताटकळत बसले नाही, आणि आज त्यांना कोणी हलकेही म्हणत नाही. पुस्तकाचा कस त्याच्या पानांत असतो. कागदाचे पैसे कोणी भरले यावर तो ठरत नाही.

आता भाषेचा आक्षेप घेऊ. ‘येऊन राहिला’, ‘करून राहिलो’ ही वळणे हिंदीच्या शेजारातून आलेली आहेत, हे खरे. पण ती नागपूरपासून इंदूर-देवासपर्यंत मराठी घरांत नांदतात. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये खानदेशी वळण घेऊन आली आणि मराठी कादंबरीचा मार्ग बदलून गेली. खानदेशाला जे मिळाले ते माळव्याला का नको? ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. त्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक १९५३ मध्ये निघाले आणि जगाने ते वाचले. पाहुण्याने लिहिले तर साहित्य, घरच्याने लिहिले तर ‘भाषा प्रमाण नाही’, हा न्याय आम्हांला मान्य नाही.

‘विषय आपल्या वाचकाचा नाही’ हा आक्षेप तर अधिकच घातक आहे. इन्फोसिस ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झाली. आज हिंजवडीच्या रस्त्यावर रोज सकाळी जी गर्दी अडकते तिच्यात मराठी माणसे नाहीत काय? सीमाभागात कचेरीचा कागद कानडीत येतो, धार-देवासात हिंदीत, आणि संगणकापुढे बसले की इंग्रजी सुरू होते. मराठीला उरते ते देवघर, स्वयंपाकघर आणि सणवार. ज्या भाषेत माणूस आपल्या पोटापाण्याच्या कामाविषयी सविस्तर बोलू शकत नाही, ती भाषा त्याच्या घरात हळूहळू पाहुणी होते. मुले आजीशी मराठी बोलतात आणि आजी गेली की मराठीही जाते. म्हणून दिवसाच्या दहा तासांच्या कामावर मराठीचा हक्क सांगणारी कादंबरी आम्हांला शंभर ठरावांहून मोलाची वाटते.

त्यात ‘बग’, ‘कोड’, ‘सर्व्हर’ येणारच. सर्व्हरला विभक्ती लागली, कोडचे अनेकवचन मराठी पद्धतीने झाले, की तो शब्द आपल्या ओसरीवर आला. धार-देवासला आलेल्या मराठ्यांच्या दफ्तरांत ‘जमाबंदी’, ‘तगादा’, ‘फडणीस’ हे शब्द फारसीतूनच आले होते. त्यांनी मराठी बुडाली नाही.

मात्र स्वतः छापणे म्हणजे कसेही छापणे नव्हे. येथे आम्ही लेखकालाही सोडणार नाही. संपादन दुसऱ्याच्या हातून करून घ्यावे आणि मुद्रिते तिसऱ्याने तपासावीत. हिंदी मजकुराची सवय असलेल्या अक्षरजुळणीत ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेले जेवण ‘आचार्यांना’ वाढले जाते. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र स्थान आहे, ‘ॲ’लाही २००८ पासून आहे. तेव्हा जुन्या फॉन्टमधून मजकूर उचलताना ही अक्षरे एकेक करून पाहावीत. ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, हेही पाहावे. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय यांच्या नावे असलेल्या संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तो लेखकालाही मागता येतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. लेखकच प्रकाशक असेल तर हे कर्तव्य त्याचे. प्रारंभी शंभर-दोनशे प्रतीच काढाव्यात. किंडलवर २०१६ च्या अखेरीपासून मराठीला जागा आहे, तीही घ्यावी.

राहता राहिलो आपण वाचक, आणि खरा दोष येथे आहे. भाषेच्या नावाने मोर्चात घसा कोरडा करणारे आपण पुस्तकाची किंमत ऐकून ‘पीडीएफ आहे का?’ असे विचारतो. बेळगावच्या प्रश्नाला निदान लढा आहे, न्यायालय आहे, वर्तमानपत्रात ओळ आहे. धार-देवासच्या मराठीसाठी मोर्चा निघत नाही. तिथे भाषा कोणी हिसकावत नाही, ती आपोआप विरते. तिला वाचवणारा उपाय एकच: लिहिणाऱ्याचे पुस्तक विकत घेणे.

बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला गेले आणि १९९२ मध्ये तिथेच निवर्तले. मुंबई-पुण्यात परतले नाहीत म्हणून त्यांचे गाणे लहान झाले नाही. त्याच देवासात सरकारी बँक नोट प्रेस आहे आणि तिथे छापल्या जाणाऱ्या प्रत्येक नोटेवर इतर भाषांबरोबर मराठीचीही एक ओळ असते. ज्या गावात मराठीची ती ओळ अगणित वेळा छापली जाते, त्या गावच्या मुलाची दोनशे प्रतींची कादंबरी आपल्याला जड व्हावी काय?

त्या तरुणाला आम्ही उत्तर दिले आहे: बाळ, छाप. पहिल्या दहा प्रतींचे पैसे आम्ही पाठवत आहोत. उरलेल्या प्रतींचे उत्तर, सीमाबांधवहो, तुम्ही द्यायचे आहे.